वाचकांचे प्रश्न : हंगाम सरत असताना स्नोबोर्डिंगसाठी कुठे जावे?

या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. आपल्याकडे परीक्षा आटोपून मोकळा वेळ मिळतो तो एप्रिल-मे महिन्यांत, आणि उत्तर गोलार्धात बर्फावरचे खेळ आवरते घेतले जातात तेही त्याच सुमारास. त्यामुळे या वेळचे सदर या एकाच विषयासाठी राखून ठेवले आहे. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : गेल्या फेब्रुवारीत मी गुलमर्गला स्नोबोर्डिंगचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले. सौम्य उतारावर दोन्ही बाजूंना वळता येते, थांबता येते, त्यापुढे फारसे नाही. रजा मात्र एप्रिलअखेर ते मेचा दुसरा आठवडा एवढ्याच काळात मिळू शकते. या दिवसांत भारतात कुठे सोय होईल का, की परदेशाचाच विचार करावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भारताविषयीचे उत्तर थोडेसे निराशाजनक आहे, म्हणून ते आधी सांगतो. लिफ्टने वर जायचे, भाड्याचे साहित्य घ्यायचे आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव करायचा, अशी व्यवस्था एप्रिलच्या मध्यानंतर भारतात मिळेल असे धरून चालू नये. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटर उंचीवर आहेत आणि तेथील बर्फ मार्च उजाडताच खालून विरळ होऊ लागतो. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ येथे जमीन खचल्यानंतर गावातून वर जाणारा रोपवे थांबवावा लागला. मनालीजवळचे सोलंग खोरेही साधारण २,५०० मीटरवर असल्याने तेथे जानेवारी ते मार्चचा आरंभ हाच खरा काळ होय. राहता राहिले गुलमर्ग. तेथील गोंडोला (केबलकार) सुमारे २,६५० मीटरवरून निघून दुसऱ्या टप्प्यात अफरवत शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो, त्यामुळे खालचे कुरण हिरवे होऊ लागल्यावरही वरचा भाग पांढरा असतो. हा गोंडोला उन्हाळ्यातही पर्यटकांसाठी चालतो. परंतु उतार तयार ठेवणे, स्नोबोर्ड भाड्याने देणे आणि शिकवणे ही सारी व्यवस्था हिवाळी हंगामाबरोबर आवरली जाते, आणि तिच्याशिवाय अफरवतचा माथा ही आपल्या अनुभवाच्या माणसासाठी योग्य जागा नाही.

येथे एक गोष्ट जोडून सांगावीशी वाटते, कारण पुढच्या वर्षी रजेची आखणी करताना ती उपयोगी पडेल. काश्मीरमधील हिमवर्षाव पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या प्रणालींवर, अवलंबून असतो आणि अलीकडे काही वर्षी तो उशिरा सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ महिनाभर कोरडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे व्हायच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. तेव्हा रजा थोडी अलीकडे ओढता आली, तर डिसेंबर-जानेवारीतील महागड्या आरक्षणापेक्षा मार्चचा पहिला पंधरवडा मी निःसंकोचपणे सुचवीन.

रोहतांग खिंडीविषयी दर वर्षी विचारणा होते. सुमारे ३,९८० मीटर उंचीच्या त्या खिंडीच्या परिसरात मे महिन्यातही बर्फ असतो हे खरे, आणि तेथे रस्त्याच्या कडेला स्की व जाड पोशाख भाड्याने देणारेही भेटतात. मात्र तो प्रकार दहा मिनिटे बर्फात उभे राहून छायाचित्र काढून घेण्याचा आहे. लिफ्ट नाही, वाहनाला परवाना लागतो आणि मंगळवारी पर्यटकांच्या वाहनांना प्रवेश नसतो. बोर्ड पाठीवर बांधून चढणारे अनुभवी लोक त्या भागात वसंतात जातात, पण हिमस्खलनाची जाण असणारा सोबती असल्याखेरीज आपण त्यांच्या मागे जाऊ नये.

आता परदेश. उशिराचे ठिकाण निवडताना लोक नकाशात प्रसिद्ध नावे शोधतात. त्याऐवजी उतार किती उंचीवर आहे, किती उत्तरेला आहे आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे आधी पाहावे. दर १०० मीटर चढल्यावर तापमान सरासरी अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते, म्हणून हजार मीटर उंचीवरील गावात चिखल असताना तीन हजार मीटरवर रात्री पुन्हा बर्फ घट्ट होतो. स्वीडनच्या उत्तर टोकाजवळचे रिक्सग्रेन्सेन याच्या उलट उदाहरण आहे. तेथील लिफ्ट हजार मीटरच्याही खाली संपतात, पण ते ठिकाण ६८ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे त्याचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होऊन मे महिन्यात संपतो, आणि मेअखेर तेथे मध्यरात्रीच्या सूर्यप्रकाशात उतरता येते.

आपल्या तारखांसाठी माझी पहिली पसंती ऑस्ट्रियातील हिंटरटुक्स हिमनदीला आहे. तिरोल प्रांतातील त्सिलरताल खोऱ्याच्या टोकाला असलेल्या या केंद्रातील सर्वांत वरचे स्थानक ३,२५० मीटरवर आहे आणि ते वर्षभर चालते, त्यामुळे एखादा उष्ण आठवडा आला तरी सगळी सहल वाया जाण्याची शक्यता कमी. फ्रान्समधील व्हाल तोरांस हे गावच मुळी २,३०० मीटरवर वसलेले असल्याने मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तेथे बहुधा घराच्या दारापर्यंत उतरता येते. पण आपली रजा मेच्या दुसऱ्या आठवड्यात पडली, तर ते हुकेल. ऑस्ट्रियातीलच काउनरताल हिमनदीवरील स्नोपार्क वसंतात स्नोबोर्डवाल्यांनी गजबजलेला असतो. उड्या आणि रेल (बोर्डने घसरत जाण्यासाठी लावलेले दांडे) यांची आवड असलेल्यांना तो जरूर सुचवावा, आपल्याला मात्र आत्ता नाही.

जपानमधील यामागाता प्रांतातल्या गासान पर्वतावरील केंद्राची गोष्टच वेगळी आहे. हिवाळ्यात तेथे इतका बर्फ पडतो की केंद्र बंद ठेवावे लागते, आणि जेव्हा इतर केंद्रे मिटतात तेव्हा, म्हणजे एप्रिलमध्ये, ते उघडून जुलैपर्यंत चालते. ऐकायला हे फारच आकर्षक वाटते, परंतु तेथील मुख्य उतार उंचवट्यांनी भरलेला असतो आणि नवख्या स्नोबोर्डवाल्याचे गुडघे त्यावर तासाभरात हार मानतात. एप्रिलअखेर व मेच्या आरंभी जपानमध्ये सलग सुट्ट्या असल्याने गर्दी व दरही चढे असतात. दोन हंगाम अनुभव घेऊन मग गासानला जावे.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो. लेक टाहोजवळच्या ज्या केंद्राचा आम्ही हंगामी पास घेतला होता, ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बंद झाले. शेवटच्या दिवशी माथ्यावर माझ्या उंचीहून जास्त बर्फ होता. भरपूर बर्फ असताना केंद्र बंद का करतात? आणि यानंतर आम्ही कुठे जावे? (एक वाचक)

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे, परंतु केंद्र बर्फ संपल्यामुळे बंद होते ही समजूतच बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही. एप्रिल लागला की खाली मैदानी भागात ऊन पडते, लोक सायकली आणि नौका बाहेर काढतात आणि तिकीट-खिडकीवरची रांग आटते. लिफ्ट चालवायला, उतार रात्रभर सपाट करायला आणि गस्ती पथक ठेवायला लागणारा खर्च मात्र दहा माणसे आली काय किंवा दहा हजार आली काय, जवळपास तेवढाच राहतो. हंगामी कर्मचाऱ्यांचे करारही ठरावीक तारखेला संपतात. त्यामुळे बंद होण्याचा दिवस पुष्कळदा हंगाम सुरू होण्यापूर्वीच जाहीर झालेला असतो आणि बर्फ चांगला असला तर तो फार तर आठ-पंधरा दिवस पुढे सरकतो. पास घेताना ही तारीख वाचण्याची सवय ठेवावी. एकाच पासवर अनेक केंद्रे असतील, तर त्यांतले एखादे केंद्र मुद्दाम उशिरापर्यंत चालू ठेवलेले असते, आणि हंगामाच्या शेवटी त्या एकाच केंद्रामुळे पासचे पैसे वसूल होतात.

आपल्या राज्यात असे केंद्र म्हणजे मॅमथ माउंटन. त्याचा माथा सुमारे ३,३७० मीटरवर आहे, मेअखेरच्या मेमोरियल डेपर्यंत ते सामान्यतः चालते, आणि २०२३ सालच्या विक्रमी हिमवर्षावानंतर तर ६ ऑगस्टपर्यंत चालले. टाहोकडील पॅलिसेड्सही त्या वर्षी ४ जुलैपर्यंत उघडे होते. परंतु नकाशावर मॅमथ योसेमिटीच्या पलीकडेच दिसते म्हणून फसू नये. योसेमिटीतून जाणारी टायोगा खिंड हिवाळ्यात बंद होते आणि ती साधारणतः मेअखेर किंवा जूनमध्ये उघडते, तर २०२३ साली ती २२ जुलैला उघडली. ज्या वर्षी बर्फ सर्वांत जास्त काळ टिकतो, त्याच वर्षी हा जवळचा रस्ता सर्वांत उशिरा मोकळा होतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याला टाहोच्या बाजूने पर्वत ओलांडून ३९५ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेकडे यावे लागेल. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत हे बसवणे जिकिरीचे आहे, म्हणून एक दिवस जोडून घ्यावा.

विमानाने जाण्याची तयारी असेल, तर कोलोरॅडोतील अरापाहो बेसिनचा विचार करावा. त्याचा पायथाच सुमारे ३,२८५ मीटरवर आहे, माथा चार हजारांच्या जवळ पोहोचतो आणि जूनच्या आरंभापर्यंत ते अनेकदा चालते. २०१९ साली ते ४ जुलैपर्यंत चालू होते. मुंबई-पुण्याहून नुकतेच आलेले पाहुणे सोबत असतील, तर या उंचीवर पहिले दोन दिवस डोके दुखणे साहजिक आहे आणि तेवढी सवड ठेवावीच लागते. त्यानंतर उरते ते ओरेगॉनमधील माउंट हूडवरचे टिंबरलाइन. तेथील पामर हिमक्षेत्रावर उन्हाळ्यातही स्नोबोर्डची शिबिरे भरतात. उन्हात भुसभुशीत झालेला बर्फ टणक करण्यासाठी तेथे मीठ पसरतात. मीठ मिसळल्याने वरचा थोडा बर्फ वितळतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो आजूबाजूच्या ओल्या बर्फातून ओढून घेतो आणि तो थर काही तास घट्ट राहतो.

एक सूचना मात्र जरूर ध्यानात ठेवावी. यूटामधील आल्टा आणि डीअर व्हॅली तसेच व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन या तीन केंद्रांत स्नोबोर्डला आजही प्रवेश नाही, तेथे केवळ स्की चालते. आल्टाच्या शेजारचे स्नोबर्ड मात्र स्नोबोर्डवाल्यांना घेते आणि मे महिन्यातही बहुधा चालू असते. नावे सारखी नसली तरी दोन्ही एकाच दरीत आहेत, त्यामुळे तिकीट काढताना घोटाळा होऊ देऊ नये.

प्रश्न : जूनमध्ये आम्ही कुटुंबासह स्वित्झर्लंडला जात आहोत. सहलीत युंगफ्राउयोख आहेच. माझा मुलगा स्नोबोर्ड चांगला चालवतो. त्याला एक-दोन दिवस संधी मिळेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मिळेल, पण युंगफ्राउयोखवर नव्हे. ३,४५४ मीटरवरील ते स्थानक पाहण्यासाठी आहे, आणि तेथे हौसेपुरता लहानसा उतार असला तरी चांगला चालवणाऱ्या मुलाचे समाधान त्याने होणार नाही. त्याच्यासाठी झरमॅट येथे मुक्काम वाढवावा. मॅटरहॉर्नच्या कुशीतील तेथील केबलकार ३,८८३ मीटरवर पोहोचते, ते युरोपातील सर्वांत उंच केबलकार स्थानक आहे, आणि त्याखालील टेओडुल हिमनदीवर उन्हाळ्यातही उतार खुले असतात.

तरीही तीन गोष्टी आधी जाणून घ्याव्यात. जूनमध्ये बर्फ सकाळीच चांगला असतो आणि दुपारपर्यंत उतार बंद होतात, त्यामुळे पहिल्या केबलकारने जाणे आवश्यक आहे. पहाटे उठायला मुलगा तयार नसेल, तर पैसे खर्च करू नयेत. दुसरी गोष्ट म्हणजे हिमनदीवर खुर्च्यांच्या लिफ्टपेक्षा टी-बार, म्हणजे माणसाला बर्फावरूनच ओढत वर नेणारे उलट्या ‘टी’च्या आकाराचे दांडे, अधिक असतात, कारण बर्फ सरकत असल्याने तेथे पक्के खांब रोवणे अवघड जाते. स्कीवाला त्या दांड्याला टेकून सरळ वर जातो, स्नोबोर्डवाल्याला मात्र आडवे उभे राहून दांडा मांडीमागे अडकवून तोल सांभाळावा लागतो आणि लांबच्या लांब टी-बारवर पुढचा पाय भरून येतो. मुलाने हा प्रकार आधी केलेला नसेल, तर पहिला अर्धा तास पडण्यात जाईल. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हिमनद्या झपाट्याने आटत आहेत आणि जुलै २०२२ मधील उष्णतेच्या लाटेत झरमॅटलाही उन्हाळी उतार काही काळ बंद ठेवावे लागले होते. कॅनडातील व्हिसलरच्या हॉर्स्टमन हिमनदीवर पूर्वी उन्हाळी शिबिरे भरत, तेथील टी-बार हिमनदी मागे हटल्यामुळे काढून टाकण्यात आला. म्हणून उन्हाळी स्नोबोर्डिंगसाठी परत न मिळणारे पैसे कित्येक महिने आधी भरू नयेत, आदल्या संध्याकाळी चौकशी करून तिकीट घ्यावे.

खूण केलेल्या मार्गाबाहेर हिमनदीवर एक पाऊलही टाकू नये, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे. हिवाळ्यात भेगांवर साचलेला बर्फाचा पूल जूनमध्ये पातळ झालेला असतो आणि वरून तो ओळखू येत नाही.

इटलीतील स्टेल्व्हिओ खिंडीचे केंद्र तर उन्हाळ्यापुरतेच चालते, कारण हिवाळ्यात खिंडीचा रस्ताच बंद असतो. आपल्या सहलीच्या मार्गावर ते बसेल असे वाटत नाही.

प्रश्न : मागच्या एप्रिलमध्ये सकाळी नऊला उतार काचेसारखा कडक होता आणि दुपारी दोनला बोर्ड जागच्या जागी रुतत होता. मधली वेळ कशी ओळखावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर ज्याला नेमके देता येते, त्याला हंगामाचा शेवट हा हिवाळ्याहून अधिक आवडू लागतो. वसंतात दिवसा वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. असे काही दिवस झाले की बर्फाचे कण एकमेकांत मिसळून मोठे, गोल होतात. सकाळी ते घट्ट चिकटलेले असतात, आणि उन्हाने वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटले की उतार कणीदार साजूक तुपासारखा रवाळ होतो. त्यावर बोर्डची कड अलगद बसते, वेग आटोक्यात राहतो आणि पडले तरी लागत नाही. ही अवस्था एका उतारावर तास-दीड तास टिकते, परंतु सगळ्या उतारांवर ती एकाच वेळी येत नाही. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी सुटतो, मग दक्षिणेकडचा आणि दुपारी पश्चिमेकडचा. म्हणून केंद्राच्या नकाशावर दिशा पाहून सूर्याच्या मागोमाग सरकत जावे. उत्तरेकडचे उतार सर्वांत उशिरा सुटतात, किंवा हिवाळ्यातलाच कोरडा बर्फ सांभाळून असतात.

हे सारे रात्री आकाश निरभ्र होते की ढगाळ, यावर अवलंबून आहे. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात सोडून देतो आणि हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असले तरी वरून गोठतो. ढगाळ रात्री तसे होत नाही, आणि मग सकाळीही खिचडीच मिळते. अशा दिवशी नाश्ता लांबवण्यात अर्थ नाही, कारण वाट पाहून बर्फ सुधारणार नाही. बूट घोट्यापर्यंत बुडू लागला किंवा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, की तो उतार सोडावा. तयार केलेल्या मार्गांच्या बाहेर ही ओल्या हिमस्खलनाची पूर्वसूचना असते. परतीच्या वाटेवर लांब सपाट पट्टा असेल, तर बारा वाजायच्या आत तो पार करावा. स्कीवाल्याच्या हातात काठ्या असतात, आपल्याला मात्र एक पाय सोडवून लंगडत जावे लागते. उबदार हवामानासाठीचे मेण तळाला लावल्यास रुतणे पुष्कळ कमी होते, आणि संध्याकाळी तळावर चिकटलेली धूळ व परागकण पुसून मगच नवा थर द्यावा.

प्रश्न : मला मे-जूनमध्ये जमतच नाही. ऑगस्टनंतर काही पर्याय आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : दक्षिण गोलार्धात आहे. न्यूझीलंडमधील क्वीन्सटाउनजवळचे कोरोनेट पीक व द रिमार्केबल्स, वानाकाकडील कार्ड्रोना आणि ऑस्ट्रेलियातील थ्रेडबो व पेरिशर यांचा हंगाम जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या आरंभी संपतो. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम ठरतो. दिवाळीची सुट्टी धरून बेत आखणाऱ्यांना मात्र हे सारे बंद झालेले सापडेल.

प्रश्न : हंगामाच्या शेवटी स्वतःचा बोर्ड विकत घ्यावा, की भाड्याने वापरावा? विम्याचे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भाड्याची दुकाने हंगाम संपताना वापरलेले बोर्ड स्वस्तात काढतात, त्यामुळे घ्यायचाच तर तेथेच घ्यावा. कडा गंजलेल्या नाहीत ना आणि बूट बोर्डला जखडणाऱ्या बांधणीचे स्क्रू घट्ट बसतात ना, एवढे पाहावे. परंतु वर्षातून एकदाच जाणाऱ्याने विमानात बोर्ड वाहून नेण्यात शहाणपण नाही. बूट तेवढे स्वतःचे घ्यावेत, ते सामानात मावतात आणि पायाला बसलेल्या बुटांनी चालवण्यात जितका फरक पडतो, तितका बोर्डने पडत नाही. गॉगल आणि सनस्क्रीन यांत काटकसर नको, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी जवळपास ऐंशी टक्के परत फेकतो आणि हनुवटीखाली व नाकपुड्यांतही त्वचा भाजते.

विम्याविषयी : साध्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ बहुधा समाविष्ट नसतात, ते अधिक हप्ता भरून जोडून घ्यावे लागतात. जोडलेल्या विम्यातही खूण केलेल्या मार्गाबाहेरचा अपघात आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका धरलेली आहे की नाही, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्यावे. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.